सनस्क्रीन, हळद आणि काजवा: गणित लावण्याआधी रेणूचं रूप ओळखा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला संगणकीय रसायनशास्त्रात प्रकल्प करायचा आहे. वाचताना तिला दिसलं की सनस्क्रीनमधले रेणू, अँटिऑक्सिडंट आणि काजव्याचा प्रकाश हे तीन विषय अनेकदा एकाच संशोधन गटाच्या कामात येतात. यांच्यात समान काय, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा असा: तिने ॲव्होबेन्झोन या सनस्क्रीनमधल्या रेणूचं प्रकाश-शोषण गणिताने काढून पाहिलं तर उत्तर २७० नॅनोमीटरच्या आसपास आलं, पुस्तकात मात्र ३५७ आहे. फंक्शनल, म्हणजे गणितात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेसाठी वापरायचं अंदाजाचं सूत्र, बदलून पाहिलं तरी फार फरक पडला नाही. मग या गणितांवर विश्वास किती ठेवायचा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या गणिताने दिलेलं उत्तर बरोबर आहे, ते वेगळ्या रेणूचं आहे एवढंच. ॲव्होबेन्झोनच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी 'प्रोपेन-१,३-डायोन' येतं आणि बहुतेक डेटाबेसमधून फाइल उतरवली की हेच रूप हाती येतं: दोन कार्बोनिल गट आणि मध्ये दोन हायड्रोजन असलेला एक कार्बन. हे डायकिटो रूप. पण क्रीममध्ये हा रेणू बहुतांशी इनॉल रूपात असतो. मधल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे जातो, समोरच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो आणि सहा अणूंचं एक सपाट कडं तयार होतं. त्यामुळे एका टोकाच्या बेंझिन वलयापासून दुसऱ्या टोकाच्या वलयापर्यंत पाय-इलेक्ट्रॉन सलग पसरतात. डायकिटो रूपात मधला कार्बन ही सलगता तोडतो, म्हणून त्याचं शोषण २७० च्या आसपास अडकतं. इनॉलचं ३५७ ला येतं.

हे फाइल न उघडताही ओळखता येतं. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. २७० नॅनोमीटर म्हणजे ४.५९, ३५७ म्हणजे ३.४७. फरक १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. अशा साध्या रेणूंसाठी टीडी-डीएफटी, म्हणजे उत्तेजित अवस्थांची ऊर्जा काढायची नेहमीची पद्धत, सहसा ०.२ ते ०.३ ने चुकते. तुमचा फरक ०.३ असता तर फंक्शनलवर संशय घ्यायला जागा होती. १.१ चा फरक आला की फंक्शनल सोडा आणि रेणूची आकृती उघडून पाहा.

इथे एक सवय आत्ताच लावून घ्या: ताळा नेहमी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये करायचा. नॅनोमीटर फसवतात. ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक ३५७ नॅनोमीटरजवळ १० नॅनोमीटरची दिसते आणि ५६० जवळ तीच २५ नॅनोमीटरची. एकाच पद्धतीने सनस्क्रीनचं गणित केलं तर ती उत्तम वाटते आणि काजव्याचं केलं तर टाकाऊ. चूक दोन्हीकडे सारखीच आहे.

आता पहिला प्रश्न. वरवर पाहिलं तर समान गोष्ट अशी की तिन्हीकडे रेणूजवळ जास्तीची ऊर्जा किंवा एखादा बिनजोडीचा इलेक्ट्रॉन येतो आणि त्याची विल्हेवाट कशी लागते हे शोधायचं असतं. सनस्क्रीनचा रेणू प्रकाश घेतो आणि त्याची उष्णता करतो. अँटिऑक्सिडंट मुक्त मूलकाला, म्हणजे बिनजोडीचा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूला, हायड्रोजन देतो आणि स्वतः निरुपद्रवी मूलक होऊन बसतो. काजव्याच्या पोटात रासायनिक ऊर्जेचा प्रकाश होतो. पद्धतीही त्याच लागतात: मूळ अवस्थेसाठी डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी पद्धत), उत्तेजित अवस्थेसाठी टीडी-डीएफटी किंवा त्याहून भक्कम काही. म्हणून एकच गट तिन्हीवर काम करतो. पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठातलं काम याचं चांगलं उदाहरण आहे, तिथे काजव्यावरच्या गणितांबरोबर सनस्क्रीनच्या रेणूंवरही अभ्यास झाले आहेत.

पण इतकी वर्षं हे काम केल्यावर मला यातली खरी समान गोष्ट वेगळी वाटते. तिन्हीकडे सगळ्यात अवघड प्रश्न हाच असतो की ज्या जागी ही घटना घडते त्या जागी रेणू नक्की कोणत्या रूपात आहे. किटो की इनॉल? प्रोटॉन (इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघणारा हायड्रोजन) जागेवर आहे की गेला? फंक्शनल, बेसिस सेट, प्रोसेसरची संख्या हे सगळं त्यानंतरचं. नवीन विद्यार्थी फंक्शनलच्या मागे हात धुऊन लागतात आणि रूपाचा विचार पाच मिनिटांत उरकतात. पाणी नेमकं तिथेच मुरतं.

सनस्क्रीनचंच पुढे पाहू. अतिनील किरणांचे जमिनीवर पोचणारे दोन पट्टे महत्त्वाचे: यूव्हीबी साधारण ३१५ नॅनोमीटरपर्यंत आणि यूव्हीए तिथून ४०० पर्यंत. ॲव्होबेन्झोन यूव्हीएसाठी वापरतात आणि त्याची मोठी अडचण म्हणजे उन्हात तो टिकत नाही. हे उन्हासाठीच बनवलेल्या रेणूबद्दल बोलतोय मी. प्रकाश शोषल्यावर इनॉलमधला तो हायड्रोजन बंध तुटू शकतो, रेणू वळतो आणि काही अंश किटो रूपात जातो. किटो रूप यूव्हीए शोषत नाही, म्हणजे संरक्षण तेवढं घटलं. शिवाय किटोची ट्रिपलेट नावाची उत्तेजित अवस्था बराच काळ जगते आणि त्यात कार्बोनिलशेजारचा बंध तुटून मूलकं तयार होतात. म्हणून ॲव्होबेन्झोनसोबत बऱ्याचदा ऑक्टोक्रायलीन घालतात, ते ट्रिपलेटची ऊर्जा काढून घेतं. याउलट यूव्हीबीसाठी वापरलं जाणारं ऑक्टिनॉक्सेट सोबत असेल तर दोघांची आपसात अभिक्रिया होऊन दोन्ही खर्ची पडू शकतात.

संगणकाचं काम इथे नुसतं ३५७ हा आकडा काढणं नाही. तो आकडा कुठल्याही कॉलेजातला स्पेक्ट्रोफोटोमीटर दोन मिनिटांत देतो. मोजून लवकर न कळणारी गोष्ट म्हणजे प्रकाश घेतल्यावर रेणू कोणत्या वाटेने खाली येतो. ऑक्सिबेन्झोन हे याचं सुंदर उदाहरण. त्यातही कार्बोनिलशेजारी हायड्रॉक्सिल गट आहे. प्रकाश शोषला की शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास (हजार फेम्टोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद, आणि तो सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग बरोबर दहा वेळा छोटा नव्हे, तर तेवढाच) प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उडी घेतो, मग मधल्या कार्बन-कार्बन बंधाभोवती रेणू वळतो आणि अशा भूमितीला पोचतो जिथे उत्तेजित आणि मूळ अवस्था एकमेकींना भिडतात. या भिडण्याच्या जागेला कोनिकल इंटरसेक्शन म्हणतात. तिथून तो मूळ अवस्थेत उतरतो, ऊर्जा कंपनांत जाते, आजूबाजूच्या द्रावकाला मिळते आणि प्रोटॉन परत घरी येतो. बहुतेक रेणूंचा हा सगळा फेरा दहा पिकोसेकंदांच्या आत पूर्ण होतो. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या व्हॅसिलिऑस स्टॅव्रॉस यांच्या गटाने हे अतिवेगवान लेझरने मोजलं आणि त्या मोजमापांचा अर्थ लावायला गणिताची साथ घेतली. लेझर सांगतं की इतक्या फेम्टोसेकंदांत काहीतरी बदललं. ते 'काहीतरी' काय, हे भूमितीनिशी गणित सांगतं.

तरीही प्रकाशाची विल्हेवाट चांगली लावणारा रेणू म्हणजे चांगलं सनस्क्रीन असं होत नाही. प्रवाळांवर होणाऱ्या परिणामांच्या काळजीपोटी हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री बंद झाली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशानेही २०२० मध्ये बंदी आणली. पर्याय म्हणून समुद्री शैवालांतली मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं आणि वनस्पतींच्या पानांतलं सिनॅपॉइल मॅलेट यांच्याकडे लक्ष वळलं आहे. एसपीएफचा आकडा मात्र गणितातून काढायला जाऊ नका. तो त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून मोजतात आणि त्यात लेपाची जाडी, तेल-पाण्याचं मिश्रण, कणांचं पसरणं असं बरंच काही येतं. एका रेणूच्या गणिताचा तिथे संबंध राहत नाही.

आता अँटिऑक्सिडंट. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण याच विषयात उथळ काम सर्वाधिक होतं.

नेहमीचा शोधनिबंध असा असतो: एखाद्या वनस्पतीतला फिनॉल, म्हणजे बेंझिन वलयाला ओ-एच गट जोडलेला रेणू, घ्यायचा, ओ-एच बंध तोडायला लागणारी ऊर्जा काढायची, ती साध्या फिनॉलपेक्षा कमी आली की 'प्रभावी अँटिऑक्सिडंट' असं लिहून मोकळं व्हायचं. ही बंध-ऊर्जा खरोखरच महत्त्वाची आहे, यात वाद नाही. साध्या फिनॉलमध्ये ती मोलला साधारण ८७ किलोकॅलरी असते, अल्फा-टोकोफेरॉलमध्ये, म्हणजे ई जीवनसत्त्वात, ७७-७८. स्निग्ध पदार्थ खवट करणारं पेरॉक्सिल मूलक हायड्रोजन घेतं तेव्हा जो बंध जुळतो त्याची ऊर्जा ८८ च्या आसपास. म्हणजे टोकोफेरॉलकडून हायड्रोजन घेणं दहा किलोकॅलरींनी फायद्याचं. हा फायदा येतो कुठून? टोकोफेरॉलच्या दुसऱ्या वलयातला ऑक्सिजन. तो वलयात बांधलेला असल्यामुळे त्याची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी बेंझिन वलयाच्या पाय-इलेक्ट्रॉनांशी नीट जुळून उभी राहते आणि तयार झालेल्या मूलकाला आधार देते. लांब शेपटीचा याच्याशी संबंध नाही, ती फक्त रेणूला पेशीपटलात रोवून ठेवते. म्हणून गणितात शेपटी कापून तिथे मिथिल गट लावला तरी चालतं. कुठे कापायचं आणि कुठे नाही, हे समजणं हा या कामाचा निम्मा भाग आहे.

पण ऊर्जेचा फायदा म्हणजे वेग नव्हे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ग्रॅहम बर्टन आणि कीथ इंगोल्ड यांनी १९८० च्या दशकात टोकोफेरॉल आणि पेरॉक्सिल मूलकाच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक मोजला: ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ लाख प्रति मोलर प्रति सेकंद. तेच मूलक लिनोलिक आम्लाच्या साखळीवर जातं तेव्हा हा आकडा फक्त ६२ च्या आसपास असतो. गुणोत्तर काढा, पन्नास हजारांच्या वर जातं. पटलात हजार स्निग्ध रेणूंमागे एखादाच टोकोफेरॉल असला तरी पहिला हक्क त्याचाच ठरतो. द्रावकाने टोकोफेरॉलच्या ओ-एचशी हायड्रोजन बंध केला की हा वेग बराच खाली येतो, त्यामुळे सेंद्रिय द्रावकातला आकडा उचलून पेशीला लावता येत नाही. तुलनेची दिशा मात्र बदलत नाही. मेक्सिकोतल्या आनिया गलानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच असा आग्रह धरला की केवळ बंध-ऊर्जांवर न थांबता द्रावकासह, सगळ्या मार्गांचे वेगस्थिरांक काढावेत आणि शरीराच्या पीएचला रेणूचं कोणतं रूप किती टक्के आहे त्याप्रमाणे त्यांची बेरीज करावी. मेहनतीचं काम आहे, पण उत्तराला अर्थ त्यानेच येतो.

रूपाचा हा मुद्दा हळदीइतका ठसठशीत मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन आणि सनस्क्रीनमधलं ॲव्होबेन्झोन यांचा गाभा एकच आहे: दोन कार्बोनिल, मध्ये एक कार्बन. कर्क्युमिनही द्रावणात मुख्यतः इनॉल रूपात असतं आणि त्याचा पिवळा रंग, म्हणजे ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण, त्या सलग पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे आहे. हळदीचा डाग साबणाने धुतला की लालसर होतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. साबणाच्या अल्कलीने प्रोटॉन काढून घेतला, रूप बदललं, रंग बदलला. आणि तोच कपडा उन्हात वाळत घातला की डाग फिका पडत जातो, कारण कर्क्युमिनही प्रकाशात तुटतं. तुमचा सगळा अभ्यासक्रम त्या एका डागात आहे.

आता कर्क्युमिन हायड्रोजन देतं कुठून? १९९९ मध्ये एका गटाने मांडलं की मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन जातो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की हे काम टोकांच्या फिनॉलचं आहे. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनची तुलना फिनॉलचे हायड्रॉक्सिल झाकलेल्या त्याच्या भावंड-रेणूशी केली, अभिक्रियेचे वेग मोजले, सोबत गणितही केलं आणि २००३ मध्ये फिनॉलच्या बाजूने भक्कम पुरावा दिला. मग २००४ मध्ये लित्विनिएन्को आणि इंगोल्ड यांनी वादाची मेख बाहेर काढली. मिथेनॉलसारख्या द्रावकात कर्क्युमिनचा इनॉल भाग आधी प्रोटॉन सोडतो आणि मग ऋणभारित रूप इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. डायऑक्सेनसारख्या द्रावकात हा मार्ग बंद असतो आणि फिनॉलच सरळ हायड्रोजन देतो. मिथेनॉलमध्ये थोडं ॲसिटिक आम्ल टाकलं की पहिला मार्ग थांबतो आणि वेग खाली येतो. एकच रेणू, एकच मूलक, आणि द्रावक बदलला की मार्गच वेगळा. म्हणून निर्वातातल्या कर्क्युमिनची बंध-ऊर्जा काढून त्यावर निष्कर्ष लिहिलेला निबंध हाती आला की मी तो बाजूला ठेवतो.

आणि हे कळकळीने सांगतो: बंध-ऊर्जा कमी आली म्हणून तो पदार्थ औषध होत नाही. कर्क्युमिन ३७ अंशांना, पीएच ७.२ च्या फॉस्फेट द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के तुटून जातं, हे १९९७ मध्येच मोजलं गेलं आहे. डीपीपीएच या चाचणीच्या मूलकाचं जांभळं द्रावण फिकं झालं, ५१७ नॅनोमीटरचं शोषण उतरलं, एवढ्यावर 'कर्करोगविरोधी' हा शब्द लिहिला जातो तेव्हा कुणीतरी आजारी माणूस तो वाचत असतो. तुमच्या प्रबंधात असं वाक्य येऊ देऊ नका.

काजव्याकडे वळतो. इथे सगळं उलट्या दिशेने चालतं. ल्युसिफेरिन नावाचा रेणू ल्युसिफेरेज या एन्झाइममध्ये आधी एटीपीशी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशी, जोडला जातो, मग ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन चार अणूंचं एक ताणलेलं वलय बनतं, ते डायऑक्सेटॅनोन. त्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे ऑक्सिल्युसिफेरिन उत्तेजित अवस्थेत उरतं. ते प्रकाश देतं. एटीपी लागतो हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विल्यम मॅकएलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवलं. बाल्टिमोरची मुलं त्यांना काजवे पकडून आणून देत आणि शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट घेत.

एटीपी लागतो म्हणून प्रकाशाची ऊर्जा एटीपीची, असं पाठ्यपुस्तकांतसुद्धा कधीकधी सुचवलेलं असतं. हिशेब करून पाहा. ५६० नॅनोमीटरच्या पिवळ्या-हिरव्या फोटॉनची ऊर्जा २.२१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे मोलला ५१ किलोकॅलरी. एटीपीच्या विघटनातून प्रमाणित स्थितीत मिळतात साधारण ७.३. एटीपी फक्त रेणूला अभिक्रियेसाठी तयार करतो. ऊर्जा येते त्या कमकुवत ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाच्या जागी कार्बन डायऑक्साइडचे भक्कम बंध जुळतात त्यातून. पण ही ऊर्जा उष्णता होऊन निघून न जाता प्रकाशात का जाते? गणित याच प्रश्नावर कामाला आलं. ल्युसिफेरिनच्या टोकाच्या फिनॉलवरचा प्रोटॉन गेलेला असेल तर त्या ऋणभारित टोकाकडून तुटणाऱ्या बंधाकडे इलेक्ट्रॉनभार सरकतो, अडथळा कमी होतो आणि दोन अवस्थांचे ऊर्जापृष्ठ एकमेकांजवळ येतात, त्यामुळे उत्तेजित अवस्थेत शिरायला वाट मिळते. प्रोटॉन जागेवर असेल तर ही वाट तितकी सोपी नसते. बीजिंगचे या-जुन लिउ, स्वीडनचे रोलांड लिंध, फ्रान्सच्या इझाबेल नाविझे यांच्या गणितांनी हे चित्र बरंच स्पष्ट केलं आहे.

कार्यक्षमतेचा आकडाही सांगून टाकतो, कारण जुना आकडा अजून सगळीकडे फिरतो. १९६० मध्ये सेलिगर आणि मॅकएलरॉय यांनी ही अभिक्रिया ८८ टक्के फोटॉन देते असं मोजलं होतं. २००८ मध्ये जपानमध्ये नव्या उपकरणांनी पुन्हा मोजलं तेव्हा ४१ टक्के आलं. ४१ सुद्धा अचाट आहे. प्रयोगशाळेत बनवलेल्या बहुतेक रासायनिक प्रकाशाला तो गाठता येत नाही.

आता रंग. ऑक्सिल्युसिफेरिनचं एक टोक फिनॉल किंवा प्रोटॉन गेलेलं फिनोलेट असू शकतं. दुसरं टोक किटो, इनॉल किंवा इनोलेट. दोन गुणिले तीन, अशी सहा रूपं. अनेक वर्षं समज असा होता की लाल प्रकाश किटोचा आणि हिरवा इनोलेटचा. मग अमेरिकेत ब्रँचिनी यांच्या गटाने ज्या कार्बनवरून प्रोटॉन निघून इनॉल बनतं तिथे दोन मिथिल गट बसवले. आता त्या रेणूला इनॉल होताच येईना. तरीही वेगवेगळ्या ल्युसिफेरेजमध्ये तो पिवळा-हिरवा आणि लाल असे दोन्ही रंग देत होता. एका किटो रूपातूनच रंग बदलू शकतात, हे त्यातून सिद्ध झालं. गणितांचा कलही फिनोलेट-किटो रूपाकडेच आहे. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे, कारण त्याने रूपाचा प्रश्न रूपच गोठवून सोडवला.

मग रंग बदलतो कशाने? आजूबाजूच्या एन्झाइमने. २००६ मध्ये जपानी गेंजी काजव्याच्या ल्युसिफेरेजची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. त्यात २८६ व्या जागी सेरीनऐवजी ॲस्पॅराजिन ठेवलं की प्रकाश ५६० वरून ६०५ नॅनोमीटरला जातो, पिवळ्या-हिरव्याचा लाल होतो. साखळीत काही शे अमिनो आम्लं आहेत आणि बदल एकाचा. पण ऊर्जेत हा फरक आहे फक्त ०.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, मोलला चार किलोकॅलरींहून कमी. टीडी-डीएफटीची नेहमीची चूक यापेक्षा मोठी असते, हे वर आलंच आहे. म्हणून 'आमच्या गणितात ५६२ आलं, प्रयोगात ५६० आहे' असं कुणी अभिमानाने लिहिलं तर तो बहुधा चुकांचा योगायोग समजा. त्याऐवजी दोन्ही एन्झाइमचं गणित एकाच पद्धतीने करून फरक काढा. सामाईक चुका बऱ्याचशा कटतात आणि फरकाला अर्थ राहतो. एन्झाइम पूर्ण घ्यायचा असेल तर ऑक्सिल्युसिफेरिनचे २२ अणू क्वांटम पद्धतीने आणि बाकीचं प्रथिन साध्या बलक्षेत्राने (अणू म्हणजे गोळे आणि बंध म्हणजे स्प्रिंगा असं मानून), अशी जोडपद्धत वापरतात. ती वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये मांडली आणि २०१३ च्या नोबेलमध्ये तिचा वाटा होता. त्यातही एका स्फटिकरचनेवर थांबू नका. प्रथिन हलत असतं, पोकळीतलं पाणी येतं-जातं, एक पाण्याचा रेणू फिनोलेटजवळ सरकला तरी शोषण निळ्याकडे ढळतं. निर्वातातल्या आयनवर झालेल्या प्रयोगांत हे प्रत्यक्ष दिसलं आहे. म्हणून अनेक क्षणचित्रांची सरासरी लागते.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर उत्तर ठोस आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश गिळतं, साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढचा लाल बराच बाहेर येऊ देतं. प्राण्याच्या शरीरातल्या पेशी बाहेरून पाहायच्या तर ल्युसिफेरिन लाल करावं लागतं. जपानमध्ये बनवलेलं अकाल्युमिन ६७७ नॅनोमीटरला प्रकाश देतं आणि २०१८ मध्ये त्याच्यासाठी खास घडवलेला एन्झाइमही आला. असे नवे रेणू सुचवताना, शंभरातले नव्वद कागदावरच बाद करायला गणित उपयोगी पडतं. एक सांगायला हवं: वरचे आकडे अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या जातींचे आहेत. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला दिसणाऱ्या काजव्यांना ते तसेच चिकटवू नका.

विश्वास किती ठेवायचा याचं उत्तर आता थोडक्यात देता येईल. एकाच कुळातल्या रेणूंची क्रमवारी, एकाच पद्धतीने काढलेली: बऱ्यापैकी. द्रावक बदलल्यावर शोषण कुठल्या दिशेला सरकेल: बऱ्यापैकी, पण पाणी-अल्कोहोलसारख्या द्रावकात एकदोन रेणू प्रत्यक्ष ठेवल्याशिवाय नाही. शोषणाचा निखळ आकडा: ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतची चूक धरून. त्यातही लक्षात ठेवा की टीडी-डीएफटी अचल भूमितीवरची ऊर्जा देते आणि मोजलेल्या पट्ट्याचं शिखर सहसा तिच्याहून थोडं खाली असतं. उत्तेजित अवस्थेतून मूळ अवस्थेत उतरण्याची जागा: नेहमीच्या टीडी-डीएफटीवर अजिबात नाही. दोन अवस्था भिडतात तिथे तिचा पायाच डळमळतो, तिथे सीएएसएससीएफ ही अनेक इलेक्ट्रॉन-रचना एकत्र धरणारी पद्धत आणि त्यावरची दुरुस्ती लागते. ती मार्गदर्शकाशिवाय हाती घेऊ नये, कारण कोणते ऑर्बिटल निवडायचे हे बटण दाबून ठरत नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी मी कर्क्युमिन सुचवेन. ४७ अणू आहेत, चांगल्या लॅपटॉपवर चालतं आणि ऑर्कासारखं सॉफ्टवेअर शैक्षणिक कामाला मोफत मिळतं. डायकिटो, इनॉल आणि प्रोटॉन गेलेली रूपं आधी कागदावर काढा. एकापेक्षा जास्त जागांवरून प्रोटॉन जाऊ शकतो, त्या सगळ्या मांडा. प्रत्येकाची वळणं शोधून सर्वांत स्थिर भूमिती घ्या, कंपनं तपासून एकही काल्पनिक वारंवारता नाही (असली तर भूमिती स्थिर नाही) याची खात्री करा, मगच उत्तेजित अवस्था काढा. एक साधं संकरित फंक्शनल आणि एक लांब-पल्ल्याची दुरुस्ती असलेलं, अशी दोन पुरेत. दोघांतलं अंतर हीच तुमच्या अनिश्चिततेची पहिली खूण.

आणि वर्णपट स्वतः घ्या, इथेनॉलमध्ये, मग त्यात किंचित अल्कली टाकून, मग त्यात पुन्हा आम्ल टाकून. वर्णपट लगेच घ्या, अल्कलीत कर्क्युमिन टिकत नाही. बाजारातल्या 'शुद्ध' कर्क्युमिनमध्ये बऱ्याचदा त्याची दोन भावंडं मिसळलेली असतात, मिथॉक्सी गट एक किंवा दोन कमी असलेली, तेव्हा बाटलीवरची शुद्धता वाचून घ्या आणि शक्य असेल तर भावंडांचंही गणित करा. द्रावणाच्या बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. एक बाटली मुद्दाम उघडी उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी तिचा वर्णपट घेतलात तर सनस्क्रीनच्या प्रकरणासाठीही तुमच्याकडे स्वतःचा आलेख असेल.